संगणकाचे सुटे भाग आणि भांडवलाची वाटणी



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मुदत ठेवी, वारसनोंद, कर्जाचे हप्ते हे विषय नेहमीचेच आहेत. अलीकडे मात्र त्यांच्या जोडीला एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. लातूरच्या एका वाचक भगिनींनी तो नेमक्या शब्दांत मांडला: "मुलगा सव्वा लाखाचा संगणक मागतो आहे. दुकानात चाळीस हजारांचा संगणक सगळा हिशेब करतो, मग याला इतका महाग कशाला? शिवाय तो तयार घ्यायचा नाही म्हणतो, सुटे भाग आणून जुळवायचा आहे. यंत्र खेळासाठी हवे की कामासाठी, हेच आम्हाला उमगत नाही."

प्रश्न रास्त आहे. मी अभियंता नव्हे. परंतु डाळमिल, तेलघाणी आणि जिनिंगच्या यंत्रसामग्रीसाठी येणारे कर्जप्रस्ताव तपासण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. यंत्र कोणतेही असो, तपासणीचे प्रश्न बदलत नाहीत. काम कोणते आहे? त्या कामात अडते कोठे? जेथे अडते तेथेच पैसा जातो आहे काय? आणि यंत्र बंद पडले तर नुकसान कोणाचे? संगणकाच्या बाबतीतही हेच प्रश्न विचारले, तर निर्णय बराच सोपा होतो.

सुटे भाग म्हणजे काय?

दुकानात मिळणारा तयार कार्यालयीन संगणक टॅलीसाठी, पत्रव्यवहारासाठी उत्तम असतो. मात्र त्याचा वीजपुरवठ्याचा डबा पुष्कळदा लहान असतो, आतील जागा बेताची असते आणि पुढे मोठे ग्राफिक्स कार्ड बसवायचे म्हटले तर ते बसत नाही. खेळ आणि व्हिडिओ संकलन ही दोन्ही कामे संगणकाकडून फार मोठे श्रम मागतात. म्हणून ही कामे करणारे लोक प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कूलर आणि कॅबिनेट असे आठ भाग वेगवेगळे निवडून जुळवून घेतात.

जुळवणीचे काम हलके समजण्याचे कारण नाही. अमेरिकेने भारताला महासंगणक देण्यात अडथळे आणले, तेव्हा पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. त्यातील ट्रान्सप्युटर नावाच्या चिप्स बाजारात मिळणाऱ्याच होत्या. असामान्य होती ती त्यांची एकमेकींशी घातलेली सांगड. घरच्या संगणकाचा आवाका अर्थातच लहान, पण तत्त्व तेच आहे: भाग महाग असून भागत नाही, ते एकमेकांना पुरे पडले पाहिजेत.

आपल्या मोंढ्याच्या भाषेत सांगायचे तर प्रोसेसर हा मुनीम आहे. एकामागून एक येणारे गुंतागुंतीचे हिशेब तो झपाट्याने करतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हमालांची मोठी टोळी: एकसारखे, साधे काम हजारो हात एकाच वेळी करतात. हुशार मुनीम शंभर पोती उचलू शकत नाही आणि शंभर हमाल ताळेबंद मांडू शकत नाहीत. रॅम म्हणजे मुनिमापुढची गादी, जेथे चालू कामाचे कागद पसरलेले असतात. गादी लहान पडली की प्रत्येक कागदासाठी उठावे लागते. एसएसडी हे गोदाम. मदरबोर्ड म्हणजे या सर्वांना जोडणारे आवार आणि त्यातले रस्ते. एसएमपीएस म्हणजे वीज घेऊन ती प्रत्येकाला योग्य मापाने वाटणारा कोठीवाला.

डाळमिलमध्ये भरडणीचे यंत्र तासाला दोन टन काढते आणि चाळणी एकच टन घेते, तर मिलची क्षमता एक टनच धरावी लागते. संगणकाचेही तसेच आहे. सर्वांत मंद पायरी शोधावी आणि पैसा तेथे घालावा.

खेळ आणि संकलन यांच्या मागण्या वेगळ्या

खेळामध्ये पडद्यावरील प्रत्येक चित्र त्या क्षणीच तयार करावे लागते, सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा. हा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो. सहा ते आठ कोअरचा चांगला प्रोसेसर आणि सोळा जीबी रॅम यांवर बहुतेक खेळ चालतात.

संकलनात चित्रे आधीच घेतलेली असतात. ती उलगडणे, कापणे, रंग सारखे करणे आणि पुन्हा बांधून एक फाइल करणे हे काम असते. येथे रॅम बत्तीस जीबीपेक्षा कमी नसावी. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांत चित्रफीत उलगडण्याची व बांधण्याची खास यंत्रणा असते. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांत ती 'क्विक सिंक' या नावाने येते, एनव्हिडियाच्या कार्डांत बांधणीची यंत्रणा 'एनव्हीएन्क' या नावाने. आपला कॅमेरा ज्या प्रकारची फाइल देतो तो प्रकार ही यंत्रणा हाताळते काय, हे खरेदीपूर्वी पाहावे. सॉफ्टवेअरचाही संबंध आहे. अडोबीचे प्रीमियर प्रो प्रोसेसर आणि रॅमवर अधिक विसंबते. डाविंची रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डावर अधिक. रिझॉल्व्हची एक आवृत्ती विनामूल्य मिळते आणि ती फोर-केपर्यंत फाइल काढून देते, त्यामुळे नवशिक्याने पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअरवर पैसे घालण्याची निकड नाही.

माझ्या मते यंत्राच्या शंभर रुपयांची वाटणी पुढीलप्रमाणे असावी. मुख्य काम खेळाचे असेल तर ग्राफिक्स कार्डाला ४०, प्रोसेसरला १८, मदरबोर्डला १२, रॅमला १०, एसएसडीला ८, एसएमपीएसला ७ आणि कॅबिनेट-कूलरला ५. मुख्य काम संकलनाचे असेल तर ग्राफिक्स कार्ड २८, प्रोसेसर २४, रॅम १५, मदरबोर्ड १२, एसएसडी १०, एसएमपीएस ६ आणि कॅबिनेट-कूलर ५. मॉनिटर आणि यूपीएस यांसाठी याव्यतिरिक्त पंचवीस-तीस रुपये बाजूला ठेवावेत. बाजारभावाप्रमाणे हे आकडे थोडे हलतील; पण एखाद्या यादीत एकाच भागावर साठ रुपये खर्ची पडलेले दिसले, तर ती यादी परत लिहायला सांगावी.

भाग पाहताना

ग्राफिक्स कार्डाचे केवळ नाव वाचू नये. २०२५ मध्ये आलेले एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड आठ जीबी मेमरीचे मिळते आणि सोळा जीबीचेही मिळते. नाव एक, माल दोन. फोर-के संकलनात ही मेमरी कमी पडली की काम रेंगाळते किंवा अडते. म्हणून संकलन करणाऱ्याने थोडा संथ पण अधिक मेमरीचा माल पसंत करावा.

रॅम एका पट्टीऐवजी दोन समान पट्ट्यांत घ्यावी. बत्तीस जीबी म्हणजे सोळा-सोळाच्या दोन. त्यामुळे प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. जुळवणीनंतर बायोसमध्ये जाऊन रॅमचा नोंदवलेला वेग चालू करून घ्यावा. ही एक कळ दाबायची राहिली, तर महाग रॅम स्वस्त रॅमच्या वेगाने चालत राहते आणि मालकाला पत्ताही नसतो.

मदरबोर्ड घेताना उद्याचा विचार करावा. एएमडीच्या एएम४ या बैठकीवर २०१७ साली घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर, बायोस अद्ययावत केल्यानंतर, २०२२ मध्ये निघालेला प्रोसेसरही बसला. म्हणजे पाच वर्षांनी केवळ मुनीम बदलला, आवार तेच राहिले. सध्याच्या एएम५ बैठकीला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही पाठबळ देण्याचे त्या कंपनीने जाहीर केले आहे. अशी वाट मोकळी असेल तर आज मध्यम प्रोसेसर घेणे शहाणपणाचे ठरते.

मॉनिटरकडे कापडाच्या व्यापाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. खेळाडूला वेग हवा असतो, म्हणून तो सेकंदाला १४४ किंवा अधिक वेळा ताजे होणारे पडदे पाहतो. परंतु साडीचा व्हिडिओ करून गिऱ्हाईकाला पाठवणाऱ्याला रंगाची सचोटी महत्त्वाची. पडदा आयपीएस प्रकारचा असावा आणि एसआरजीबी रंगांचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या जवळ असावे. नाहीतर पडद्यावर डाळिंबी दिसलेली साडी गिऱ्हाईकाच्या हाती वेगळ्याच रंगाची पडते आणि माल परत येतो.

भावाची चढउतार हा विषय आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. २०२०-२१ मध्ये आभासी चलन खणण्यासाठी ग्राफिक्स कार्डांची एवढी उचल झाली की ती छापील किमतीच्या कितीतरी वर गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने ती पद्धतच सोडली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात ओतली गेली. अशा कार्डांपैकी काही आजही फिरत असतात. २०२५ च्या अखेरीस रॅम कडाडली, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांनी मेमरीची मागणी वाढवली आणि जगात मेमरी बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या मुख्यतः तीनच आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. तुरीचा भाव पाहूनच माल उचलणाऱ्यांनी येथेही आठ-पंधरा दिवस भाव पाहूनच खरेदी करावी. काम खोळंबलेले नसेल तर रॅमची दुसरी जोडी पुढच्या वर्षावर टाकता येते. मदरबोर्डला चार खाचा मात्र असाव्यात.

वीज आणि ऊन: आपल्या भागाचा पहिला खर्च

पुण्या-मुंबईच्या याद्या पाहून केलेली खरेदी मराठवाड्यात का फसते, याचे कारण येथे आहे. १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. त्या काळी यंत्राच्या खोलीत शिरताना पादत्राणे बाहेर काढावी लागत. वातानुकूलन यंत्र आधी बसे, अर्थिंगचा खड्डा आधी खणला जाई आणि यूपीएस संगणकाहून आकाराने मोठे असे. व्यवस्थापकाच्या दालनात पंखा आणि संगणकाला थंड हवा, यावर विनोदही होत. पण त्या व्यवस्थेत अर्थ होता: खातेदाराची नोंद पुसली जाऊ नये, हे यंत्राच्या वेगापेक्षा मोलाचे होते.

आजचे यंत्र अधिक सहनशील आहे, तरी निसर्गनियम तोच आहे. पंख्याचा कूलर यंत्राला खोलीच्या तापमानाहून थंड करू शकत नाही. पंचवीस अंशांच्या खोलीत जे यंत्र सत्तर अंशांवर चालते, ते चाळीस अंशांच्या खोलीत पंच्याऐंशीच्या आसपास जाते. पंच्याण्णव ते शंभर अंशांच्या दरम्यान प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे मे महिन्यात नांदेडात दुपारी दोन वाजता महाग प्रोसेसर स्वस्तासारखा चालतो. उपाय साधे आहेत. काचेने बंद केलेले, दिव्यांनी झगमगणारे कॅबिनेट टाळून पुढून जाळीचे घ्यावे. समोरून हवा आत आणि मागून बाहेर असे पंखे लावावेत. उंच टॉवर प्रकारचा हवेचा कूलर बहुतेकांना पुरेसा असतो. संगणक जमिनीवर न ठेवता हातभर उंचावर ठेवावा. जिनिंगजवळच्या कार्यालयात रुईचा बारीक तंतू आणि डाळमिलच्या आवारात चुनीची धूळ पंख्यांत दाटून बसते. तेथे गाळणी दर पंधरवड्याला झटकावी.

विजेचे गणित दुकानदार क्वचितच समजावून सांगतो. यूपीएसवर लिहिलेले सहाशे व्हीए म्हणजे सहाशे वॅट नव्हेत. साधारणतः ते साडेतीनशे वॅटच्या जवळपास असतात. खेळ किंवा संकलन भरात असताना मध्यम प्रतीचा संगणक तीनशे ते साडेतीनशे वॅट घेतो, त्यात मॉनिटर आला. म्हणून किमान एक हजार व्हीएचे यूपीएस घ्यावे. ते शुद्ध साइन वेव्ह देणारे असेल तर चांगले, कारण आधुनिक एसएमपीएसचे काही स्वस्त यूपीएसशी जमत नाही आणि नेमकी वीज जाताच संगणक बंद पडतो. घरचा इन्व्हर्टर पुरेल काय, असे पुष्कळ जण विचारतात. वीज गेल्यावर एसएमपीएस सुमारे सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरची कळ यूपीएसवर ठेवली नसेल तर बदलाला त्याहून अधिक वेळ लागू शकतो, आणि तेवढ्यात संगणक विझतो.

एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला वापरू नये. साडेसहाशे वॅटचा, '८० प्लस' छाप असलेला, पाच वर्षे किंवा अधिक हमीचा घ्यावा. ती छाप विजेच्या बचतीची आहे, सुरक्षिततेची नव्हे. म्हणून जास्त दाब, जास्त प्रवाह आणि शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण असल्याचे खोक्यावर वाचून घ्यावे. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगही कमजोर होते. त्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी रीत निरर्थक नाही. विजेच्या बिलाचाही अंदाज असावा: साडेतीनशे वॅट, रोज पाच तास, महिन्याचे सव्वीस दिवस म्हणजे सुमारे पंचेचाळीस युनिट.

गोदाम एक नको, दोन हवीत

नांदेडमधील एका परिचित छायाचित्रकाराची गोष्ट सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी विजेचा दाब अचानक वाढला आणि त्याच्या संगणकाची हार्ड डिस्क कायमची गेली. यूपीएस नव्हते, दुसरी प्रतही नव्हती. त्या डिस्कवर एका लग्नाचे चित्रण होते. वधूचे आजोबा लग्नानंतर दोन महिन्यांनी निवर्तले होते आणि त्यांचे चालते-बोलते चित्रण अन्य कोठेही नव्हते. छायाचित्रकाराने पैसे परत केले. वधूच्या वडिलांनी ते घेतले नाहीत, ते एवढेच म्हणाले, "पैशाचं काय करू? बाबांचा आवाज होता त्यात."

वाचकहो, दुसऱ्याचा माल आपल्या गोदामात असतो तेव्हा त्याची जबाबदारी आपली असते, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. संकलन करणाऱ्याचे गोदामही तसेच आहे. आकडा पाहा: सेकंदाला शंभर मेगाबिट या दराने फोर-के चित्रण केल्यास एका तासाला पंचेचाळीस जीबी जागा लागते. तीन कॅमेरे, चार तास, म्हणजे एका लग्नाचे पाचशे चाळीस जीबी. पाचशे जीबीची एसएसडी घेणाऱ्याने पहिल्याच लग्नात काय करावे?

म्हणून संचयाचे तीन थर असावेत. विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी एक एसएसडी, चालू कामासाठी दुसरी मोठी एनव्हीएमई एसएसडी आणि पूर्ण झालेल्या कामासाठी हार्ड डिस्क. हार्ड डिस्क सेकंदाला दीड-दोनशे मेगाबाइट देते, साधी साटा एसएसडी सुमारे साडेपाचशे, तर चौथ्या पिढीची चांगली एनव्हीएमई सात हजारांपर्यंत. जुने जपण्यासाठी वेगाची गरज नाही, चालू कामाला आहे. याशिवाय प्रत्येक कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत, हा नियम पाळावा. दुकान आणि घर वेगळे असेल तर शेवटची अट विनाखर्च पूर्ण होते.

पक्के बिल

नांदेडचे तरुण देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबादला जाऊन चिनॉय ट्रेड सेंटरमधून माल आणतात. काही जण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जातात. भाव पाहण्यासाठी जरूर जावे. परंतु बिनाबिलाचा माल चार-पाच हजारांनी स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड यांना साधारण तीन वर्षे आणि चांगल्या एसएसडीला पाच वर्षे हमी असते. ती हमी बिलाला आणि त्यावरील अनुक्रमांकाला चिकटलेली असते. २०२४ मध्ये इंटेलने आपल्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांतील अस्थिरतेचा दोष मान्य केला आणि त्यांची हमी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्याजवळ पक्के बिल होते त्यांना तो लाभ मागणे सोपे गेले. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा आणि खोकी हमी संपेपर्यंत ठेवावीत.

कराचा भागही पाहू. या मालावर अठरा टक्के जीएसटी आहे. यंत्र पेढीच्या व्यवसायासाठीच वापरले जात असेल तर त्याचे क्रेडिट मिळते. मुलाच्या खेळासाठी घेतलेले यंत्र पेढीच्या नावावर दाखवणे योग्य नाही आणि तपासणीत टिकतही नाही. आयकरात संगणकावर चाळीस टक्के घसारा मिळतो. एक लाख वीस हजारांचे यंत्र पहिल्या वर्षाअखेर पुस्तकात ७२,०००, दुसऱ्या वर्षी ४३,२०० आणि तिसऱ्या वर्षी २५,९२० रुपयांचे उरते. खरेदी वर्षातील १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच. बाजारातील मूल्यही फार वेगळे नसते. म्हणून हे यंत्र दागिना नव्हे. तीन वर्षांत ते आपली किंमत कमावून देणार नसेल, तर तो खर्च हौसेचा आहे असे उघडपणे मान्य करावे. हौसही वाईट नाही. फक्त तिची रक्कम आधी ठरलेली असावी.

लातूरचा एक प्रस्ताव

माझ्या मावसबहिणीच्या मुलाची लातूरला भुसार मालाची आडत आहे. त्याचा मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना लग्नांचे व्हिडिओ संकलित करून देऊ लागला. त्याने एक लाख चाळीस हजारांची यादी वडिलांपुढे ठेवली आणि घरात अबोला सुरू झाला. भाचा मला म्हणाला, "मामा, तुम्हीच याला समजवा. गादीवर बसायचं सोडून हा रात्रभर खेळत बसणार." मुलाचे म्हणणे होते, "मामाआजोबा, पप्पांना वाटतं काम फक्त गंजगोलाईतच होतं."

दोघांनाही मी एकच सांगितले: बँकेत जसा प्रस्ताव देतात तसा लेखी द्या. मुलाने चार दिवसांत दोन पाने लिहिली. एका लग्नाचे आठ हजार मिळत होते. जुन्या संगणकावर महिन्याला दोनच कामे होत. नव्यावर चार होतील, असे त्याचे म्हणणे. लग्नसराईचे सहा महिने धरून वाढीव उत्पन्न ९६,०००. बँकेच्या रिवाजाप्रमाणे मी ते निम्मे धरले: वर्षाला ४८,०००. त्या हिशेबाने एक लाख चाळीस हजार फिटायला तीन वर्षे लागणार होती आणि तोवर यंत्राचे मोल चतुर्थांशाच्या आत आले असते.

मग आम्ही यादी पाहिली. निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या ग्राफिक्स कार्डाची होती. रॅम सोळा जीबीची एकच पट्टी, एसएसडी पाचशे जीबीची, एसएमपीएस कॅबिनेटसोबतचा, यूपीएस नाही. मी त्याला विचारले, "काम करताना तू कशाची वाट पाहतोस, ते आठ दिवस लिहून ठेव." आठ दिवसांनी त्याच्याच वहीतून उत्तर निघाले. बहुतेक वेळ फाइली इकडून तिकडे नेण्यात आणि रॅम भरल्यावर यंत्र गोठण्यात जात होता. कार्ड मोठे हवे होते ते खेळासाठी, आणि तसे त्याने प्रांजळपणे सांगितले. त्याने मध्यम कार्ड घेतले, रॅम बत्तीस केली, दोन टीबीची एसएसडी, चांगला एसएमपीएस आणि यूपीएस घातले. एकूण खर्च एक लाख अठरा हजार झाला. चित्रणाच्या हलक्या प्रती करून त्यांवर संकलन करण्याची पद्धत तो शिकला, तिने तर एक रुपयाही न लागता वेळ वाचला.

वडिलांनी रक्कम पेढीतून उसनी दिली, खाते उघडले आणि सराईच्या महिन्यांत पाच हजारांचा हप्ता ठरवला. पहिल्या हंगामात महिन्याला चार नव्हे, तीनच कामे झाली. दोन हप्ते थकले. पण मुलगा सकाळी आडतीवर बसतो, दुपारनंतर संकलन करतो आणि थकलेल्या हप्त्याचा हिशेब स्वतःहून देतो. गादी तो पुढे सांभाळील की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. बोलणे मात्र पूर्ववत झाले आहे.

खेळाविषयी थोडे

कोणता खेळ, किती वेळ आणि कोणत्या वयात, हा घराघराच्या शिस्तीचा विषय आहे. आर्थिक बाबतीत मात्र एक रेघ स्पष्ट ओढावी. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा संमत केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई आहे आणि ई-स्पोर्ट्सला स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता आहे. मुलाने संगणकावर खेळणे आणि पैसे लावणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीवर रागावताना दुसरीकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. बँक खात्यातील लहान लहान रकमांच्या नोंदी महिन्यातून एकदा मुलासोबत बसून पाहाव्यात.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आणि तसाच प्रश्न पडलेल्या सर्व पालकांना माझे सांगणे इतकेच: मुलाची यादी फेटाळू नका आणि आहे तशी मंजूरही करू नका. त्याच्याकडून आठ दिवसांची नोंद मागा. यादीत यूपीएस, अर्थिंग आणि दुसऱ्या प्रतीची तरतूद आहे काय ते पाहा. दोन दुकानांतून लेखी भाव घ्या. खरेदी एप्रिल-मेमध्ये झाली असेल तर ऐन दुपारी दोन तास पूर्ण भाराने यंत्र चालवून पाहा आणि मगच कॅबिनेट बंद करा. त्या उन्हात जे टिकले ते वर्षभर टिकेल.